कॅसेटला ओठ नसतात

बापाला त्याच्या गेलेल्या मुलीचा आवाज ऐकवायचा, ही कामगिरी घुम्याच्या वाट्याला आली तेव्हा तिला लायक असा दुसरा कोणी घरात नव्हता, आणि घुम्या तर नव्हताच. मुलगी म्हणजे घुम्याची ताई. ती गायची, आणि चांगली गायची, असं पुष्कळ लोक सांगतात. घुम्या तिच्या मागे उभा राहून बास गिटार वाजवायचा, आणि त्याच्याबद्दल कोणी काही सांगत नाही. बासवाल्याची आठवण लोकांना तो आला नाही त्याच दिवशी होते.

अडचण अशी होती की ताईची एकच कॅसेट शिल्लक होती, आणि वडिलांचे कान त्या कॅसेटच्या कामाचे उरले नव्हते. खालचे, जाड, घुमणारे आवाज त्यांना अजून येत. वरचे सगळे बंद. त्यामुळे लेकीचं गाणं लावलं की लेक सोडून बाकी सगळं त्यांना थोडंफार ऐकू येई, आणि सगळ्यात जास्त घुम्या. देवाला विनोदबुद्धी आहे की नाही यावर मोठमोठ्यांनी ग्रंथ लिहिले आहेत. घुम्याला ते वाचायची गरज पडली नाही.

हे असं कसं झालं ते सांगायचं तर धुलाईच्या कारखान्यापासून सुरुवात करावी लागते.

इस्पितळांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल धुणारा तो कारखाना. माणूस आत उभा राहील एवढाले लोखंडी ड्रम दिवसभर फिरत. वाफ सुटे, पट्टे फटफटत, आणि या सगळ्यात माणसाचा आवाज म्हणजे समुद्रात टाकलेली चिमूटभर साखर. म्हणून तिथली माणसं बोलत नसत, नुसती तोंडं करत. एकेक अक्षर ओठांवर नीट मांडून, आवाज न काढता, या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा चालत. मुकादमाची निंदाही त्याच्या पाठीमागे चालायची नाही, त्याच्या डोक्यावरून चालायची. तो मध्ये उभा असायचा आणि दोन्हीकडची माणसं त्याच्या टकलावरून एकमेकांना हसवायची.

घुम्याचे वडील तिथे बॉयलरवर होते, आई गरम रोलरवर चादरी सरकवायला. घरी आल्यावरही सवय सुटत नसे. जेवताना घरची माणसं एकमेकांकडे बघून ओठ हलवत.

‘मीठ दे.’

‘तुझ्यापुढेच आहे.’

‘दिसलं नाही.’

‘डोळे काय शोभेला दिलेत?’

असं कडाक्याचं भांडण जुंपायचं, आणि जिन्यातून जाणाऱ्या शेजाऱ्यांना वाटायचं, काय शांत कुटुंब आहे. अशा घरात एखादा माणूस हळूहळू बहिरा होत गेला तर ते कळणार कसं? नाहीच कळलं.

‘घुम्या’ हे नाव आईनं ठेवलेलं. बाकीचे निदान ओठ हलवायचे, हा तेही करायचा नाही. मिसरूड फुटायच्या सुमारास कारखान्याच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरून त्यानं मांडीचं हाड मोडून घेतलं आणि लांबलचक प्लास्टर घेऊन भिंतीकडेच्या खाटेवर पडला. भिंतीला कान असतात असं म्हणतात. या भिंतीला तोंड होतं. पलीकडच्या खोलीत एक म्हातारा खलाशी राहायचा. खरं तर तो जहाजावर स्वयंपाक करायचा, पण आचारी म्हटलेलं त्याला खपत नसे. जगभरच्या बंदरांतून त्यानं दोनच गोष्टी आणल्या होत्या, सांधेदुखी आणि रेकॉर्डी. एक दुखायला लागली की तो दुसरी लावायचा. म्हणजे रोज.

भिंत मोठी चोखंदळ होती. शब्द, गळा, तुताऱ्या, टाळ्या हे सगळं तिनं स्वतःकडे ठेवून घेतलं आणि खालचं तेवढं घुम्याला दिलं. दोन सूर, एक थांबा, तीन सूर, मग घरंगळत खाली. पुन्हा दोन सूर. घुम्याला वाटलं गाणं म्हणतात ते हेच. तो प्लास्टरवर बोटांनी ते धरू लागला. प्लास्टर निघेपर्यंत त्याला खलाशाची रेकॉर्डींची निम्मी पेटी पाठ झाली होती.

ताई तेव्हा खलाशाच्या दारात स्टुलावर बसून त्याचे बटाटे सोलून द्यायची आणि त्या बदल्यात रेकॉर्डी ऐकायची. तिला वरचं मिळालं, याला खालचं. एका संध्याकाळी ती कपडे पिळताना गुणगुणत होती आणि खाटेवरून घुम्यानं खालून धरलं. दोघं थांबली.

“हे काय मध्येच?” ताई म्हणाली.

“मध्येच काय? गाणं आहे ते.”

“गाणं मी म्हणतेय ते.”

“तू म्हणतेस ते काय आहे मला माहीत नाही. गाणं हे आहे.”

त्या घरातलं आवाज काढून झालेलं ते पहिलं भांडण. आई ओले हात घेऊन बाहेर आली, दोघांच्या तोंडांकडे पाहत राहिली, आणि तिला आधी वाटलं काहीतरी पेटलं.

पाय बरा झाल्यावर घुम्या लंगडत पलीकडे गेला आणि त्यानं पहिल्यांदा अख्खी रेकॉर्ड ऐकली. त्याची साफ निराशा झाली.

“काका, मध्ये मध्ये हा कोण बोलतोय?”

“अरे, गायक आहे तो.”

“त्याला गप्प नाही करता येत?”

खलाशी खोकला लागेपर्यंत हसला. मग डोळे पुसून म्हणाला, “याला सोल म्हणतात पोरा. देवासमोर जे रडायचं, ते हे लोक बाईमाणसासमोर रडले. देव उठून जात नाही, बाई जाते. म्हणून यात जरा घाई असते. आणि तुझा तो खालचा जो आहे ना, तो तिला दारात थोपवून धरतो. वरचा रडतोय तोवर हा म्हणतो, बसा हो, जाल सावकाश.”

सोल संगीताची याहून शास्त्रशुद्ध व्याख्या पुढे घुम्याच्या वाचनात आली नाही. त्यानं फारसं वाचलंही नाही.

दुसरी शिकवणी कारखान्यात झाली. थोडा मोठा झाल्यावर तो ड्रम भरायला लागला. ओल्या चादरींचा गठ्ठा ड्रमबरोबर वर जातो, माथ्यावर पोचल्यावर क्षणभर विचार करतो, आणि मग पडतो. धप्प. ड्रमचा फेरा पूर्ण झाल्यावर जरा उशिरा पडतो, पण पडल्याशिवाय राहत नाही. दिवसभर त्याच्या पायांतून हेच वर चढत असे. पुढे वाद्यवृंदात त्याचं बोट तारेवर असंच केसभर उशिरा पडायचं. वृंदाचे मास्तर सुरुवातीला वैतागले.

“ठोक्यावर ये ना रे. नेहमी मागे का असतोस?”

“पडू दे की मास्तर. ओलं आहे ते.”

मास्तरांना यातलं ओ की ठो कळलं नाही, पण लोक नाचायला लागले म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला.

हे मास्तर दिवसा शाळेत गणित शिकवत आणि संध्याकाळी ऑर्गन वाजवत. पोरांना दोन्ही सारख्याच शिस्तीत मिळे. ते आले होते ताईसाठी. खलाशानं तिची कीर्ती त्यांच्या कानावर घातली होती. ताई म्हणाली, भाऊ असेल तर येते.

“काय वाजवतो भाऊ?”

“काहीच नाही.”

“मग बास वाजवू दे,” मास्तर म्हणाले. गिटार सगळ्यांनाच हवी असते. बास कुणाच्या तरी गळ्यात पडतो. आधीचा बासवाला लग्न करून दुसऱ्या गावी गेला होता आणि जाताना बायकोच्या सांगण्यावरून बास मागे ठेवून गेला होता. तो घुम्याच्या गळ्यात पडला आणि तिथेच राहिला.

घरी अ‍ॅम्प, म्हणजे बासचा आवाज मोठा करणारा डबा, नव्हता. त्याशिवाय बास म्हणजे मुक्याचं भाषण. घुम्यानं एक युक्ती शोधली. बासची मान आईच्या लाकडी कपाटाला टेकवून वाजवलं की अख्खं कपाट घुमायला लागे. वरच्या फळीवरचे कप नाचू लागत, म्हणून तो बसायच्या आधी आई एकेक कप उतरवून जमिनीवर ठेवायची आणि सगळं झालं की पुन्हा चढवायची. वडील पेपर घेऊन नेमके त्याच वेळी कपाटाला पाठ लावून बसत.

“अहो, सगळं घर मोकळं पडलंय,” आई त्यांच्यापुढे येऊन तोंड करायची, “तिथेच काय ठाण मांडलंय?”

“पाठ शेकते,” वडील म्हणायचे.

घुम्याला वाटायचं, आपला राग येतो म्हणून म्हातारा मुद्दाम आडवा बसतो. बॉयलरवर माझ्या जागी तू ये, असं त्यांनी एकदा म्हटलं होतं आणि यानं नकाराची मान हलवली होती. तेव्हापासूनची ही अढी असावी, असा त्याचा हिशेब. तो तसाच वाजवत राहायचा आणि वडील पेपरचं पान न उलटता बसून राहायचे.

वृंद चालला. लग्नं, कामगारांचे मेळावे, एखादं हॉटेल. ताईचं नाव झालं. प्रत्येक कार्यक्रमाला वडील पहिल्या रांगेत मधोमध बसत, इस्त्रीचा शर्ट घालून, लेकीच्या चेहऱ्यावर डोळे रोखून. पापणीसुद्धा हलायची नाही. तिच्याबरोबर त्यांचे ओठ हलायचे. लोक म्हणत, बाप असावा तर असा. फक्त एकच कटकट होती.

“तो दांडा तोंडापुढून काढ,” ते घरी येऊन सांगत. “चेहरा दिसत नाही.”

“बाबा, माईक आहे तो. तोंडापुढेच असतो.”

“खाली धर. हनुवटीच्या खाली.”

बापाचा हट्ट म्हणून ताई माईक हनुवटीखाली धरू लागली. मग आवाज पोचेना, म्हणून पोटातून, गळा पूर्ण उघडून गाऊ लागली. मास्तरांनी कपाळाला हात लावला. पण ऐकणारे म्हणू लागले, हिच्यासारखं जीव ओतून कोणी गात नाही. तिची ‘शैली’ म्हणतात ती अशी घडली. ज्याच्यासाठी घडली त्याला तीच ऐकू येत नव्हती, ही माहिती तेव्हा एकाच माणसाजवळ होती आणि तो पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. त्याच्या टाळ्या जरा उशिरा यायच्या. लोकांना वाटायचं, भारावलाय.

एक गाणं ताईचं खास होतं. खलाशाच्या एका सुरावटीवर तिनं स्वतःच शब्द बसवले होते. ‘कोट खुंटीला राहू दे, मी गेले असं म्हणू नका.’ तालमीत एकदा घुम्याला मोह झाला. ताईच्या ओळीमागून तोही वर चढला, तिचेच सूर खाली धरू पाहू लागला. मास्तरांनी ऑर्गन थांबवला.

“बासनं गायचं नसतं,” ते म्हणाले. “पायाच नाचायला लागला तर घरातल्यांनी जायचं कुठे?”

ताई हसली. “राहू दे हो मास्तर, कधी नव्हे ते बोलतोय.”

“बोलू दे. बाहेर जाऊन बोलू दे.”

घुम्या परत खाली उतरला आणि पुढे कधी वर गेला नाही. त्याच तालमीत मास्तरांनी शाळेच्या टेपरेकॉर्डरवर एक कॅसेट भरून घेतली होती, चुका दाखवायला. ताईचा आवाज जगात उरला तो एवढाच.

त्या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ धरला. औषध झालं, काढा झाला, ‘उतरेल’ म्हणून झालं. उतरला नाही. इस्पितळात नेलं. तिथल्या खाटेवरच्या चादरीचा कोपरा आईनं सवयीनं उलटून पाहिला. आपल्याच कारखान्याची खूण होती. आई बराच वेळ ती चादर हातानं सारखी करत बसली, ताई तिच्यावर झोपलेली असताना. तापाच्या भरात ताईला बोलवेना तेव्हा ती नुसते ओठ हलवायची, आणि नर्सना काही कळत नसे. वडिलांना सगळं कळायचं. “पाणी मागतेय,” ते सांगत. “खिडकी लावा म्हणतेय.” शेवटी ती काय म्हणाली तेही त्यांनाच कळलं, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

ती गेली. चादर नेहमीप्रमाणे गाडीतून धुलाईला आली असणार. घुम्या त्या दिवशी ड्रम भरताना खाली बघत नव्हता.

मास्तरांनी वर्षभर थांबून दुसरी गायिका आणली. ती माईक ओठांना लावून गाते आणि बरी गाते. घुम्या वाजवत राहिला. न वाजवून काय करणार होता? कॅसेट मास्तरांनी घरी आणून दिली, आणि हात जोडून निघून गेले. गणिताच्या माणसानं यापेक्षा जास्त काय करावं.

वडिलांनी टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, समोर खुर्ची ओढली आणि पहिल्या रांगेत बसत तसे बसले.

घुम्यानं बटण दाबलं. चार आवर्तनं नुसती वाद्यं, मग ताई.

“मोठा कर,” वडील म्हणाले.

त्यानं मोठा केला.

“आणखी.”

खिडकीची तावदानं थरथरू लागली. ताईच्या आवाजानं खोली काठोकाठ भरली. आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

“ही कधी सुरू होते?” वडिलांनी विचारलं.

घुम्यानं आईकडे पाहिलं. आईनं घुम्याकडे.

“बाबा, गातेय ती.”

“मग येत का नाही? तुझं तेवढं येतंय. घुं घुं घुं.” ते टेपरेकॉर्डरच्या जाळीकडे टक लावून बघत होते, जणू तिथे तोंड उघडेल. “हिला ओठच नाहीत,” ते म्हणाले.

त्यानं टेप बंद केला. मग सगळं बाहेर आलं. पुष्कळ वर्षं वाफेत आणि लोखंडात काढल्यावर व्हायचं ते झालं होतं.

“आधी रातकिडे गेले,” वडील म्हणाले. “मला वाटलं हिवाळा लवकर आला. मग किटलीची शिट्टी. मग तुझी आई. ती रुसली असं समजून मी महिनाभर समजूत काढत होतो.”

“मला वाटलं, यांना एकाएकी प्रेम आलं,” आई म्हणाली. “म्हटलं, कारण कशाला विचारा.”

“सांगितलं का नाही?” घुम्यानं विचारलं.

“बॉयलरमधलं पाणी कमी झालं की तो शिट्टी देतो. ती ऐकू येत नाही अशा माणसाला तिथे उभं करत नाहीत. मी पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवरची नजर हलवायचो नाही. लोक म्हणायचे, काय लक्ष आहे कामावर.” ते थांबले. “नंतर नोकरी संपली, पण तोवर न सांगायची सवय झाली होती.”

“आणि ताई?”

“शेवटची ऐकली ती शाळेत होती तेव्हा, चौथी-पाचवीत. दोन वेण्या होत्या. तेव्हाचा आवाज आहे माझ्याजवळ.” त्यांनी कानाजवळ हात नेला, जणू तो तिथेच ठेवलेला असावा. “पुढे ती गायची तेव्हा ओठ दिसायचे, त्यांच्यावर मी तोच बसवत आलो. शब्द सगळे पाठ आहेत मला. पण मोठेपणी तिचा आवाज कसा झाला होता रे? एकदा ऐकायचाय.”

दुसरं काही त्यांनी आयुष्यात मागितलं नव्हतं. बॉयलरवरची जागा घे म्हणाले होते, ते मागणं नव्हतं, देणं होतं.

घुम्या त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी आलेख काढला. सुरुवातीला जरा सपाट जमीन, आणि मग कडा कोसळावा तशी रेघ खाली. “यंत्र आवाज मोठा करतं,” ते म्हणाले. “पण जिथे काही उरलेलंच नाही तिथे मोठं काय करणार?” घुम्याला ती रेघ ओळखीची वाटली. खाटेवर पडून त्यानं ज्या भिंतीशी इतके महिने काढले, तिचा कोणी आलेख काढला असता तर असाच आला असता. वडील त्या भिंतीच्या पलीकडे होते. तिथे काय पोचतं हे या जगात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

ताईचं गाणं खाली उतरवायचं. तिचेच सूर, पण बासवर, जिथे वडिलांना येतात तिथे. जे करू नको म्हणून मास्तरांनी बजावलं होतं तेच. सोपं होतं. एवढी वर्षं त्या गाण्यात तो तिच्या मागे उभा होता.

त्यानं बास घेतला, पहिली ओळ लावायला बोट उचललं, आणि ते तसंच राहिलं. त्याला ती येत नव्हती.

शब्द आठवत होते. चाल ढोबळमानानं आठवत होती, शेजाऱ्यापाजाऱ्याला आठवावी तशी. पण ताई नेमकं काय करायची, कुठे चढायची, कुठे सूर सोडून द्यायची, ते त्याच्याकडे नव्हतंच. बासवाल्याचा कान खाली असतो. ढोल, आपली तार, नाचणाऱ्यांचे पाय. वर काय चाललंय ते बघायला बाकीची दुनिया आहे. बापाला बहिणीचा आवाज ऐकू आला नव्हता कारण कान गेले होते. याचे कान शाबूत होते.

मग तो कॅसेट घेऊन बसला. कारखान्यातून आल्यावर हातपाय धुवायचे आणि बसायचं. एक ओळ, मागे, पुन्हा तीच ओळ. सूर सापडत, पण ते सूर म्हणजे ताई नव्हती. दोन सुरांच्या मधून ती जी घसरायची, तिथे ताई होती. ‘खुंटीला’ म्हणताना ती ‘टी’वर जरा दमायची. ‘गेले’च्या आधी श्वास घ्यायची आणि तो पुरायचा नाही. ‘म्हणू नका’ला आवाज फाटायचा, आणि फाटलेलाच पुढे न्यायची. जाड तारेवर बोट ओढत, थांबवत, कमीजास्त दाबत तो ते शोधत राहिला. बोटांची कातडी निघाली. आणखी एक गोष्ट सापडली, ती त्यानं शोधली नव्हती. प्रत्येक ओळ ताई त्याच्या सुरानंतर सुरू करत होती. याचं ओलं गाठोडं धप्प पडेपर्यंत ती थांबायची, आणि मगच त्यावर पाय ठेवायची. एकदाही आधी नाही. हे त्याला तिनं कधी सांगितलं नव्हतं. त्या घरात असं बोलायची पद्धत नव्हती.

त्यानं टेप बंद केला आणि त्या दिवशी पुढे काही केलं नाही.

उन्हाळा लागता लागता एका रविवारी दुपारी तो म्हणाला, “आई, कप उतरव.”

वडील पेपर घेऊन जागेवर येऊन बसले, पाठ कपाटाला. घुम्यानं बासची मान कपाटाच्या कडेला टेकवली आणि सुरू केलं. कपाट घुमलं. वडिलांनी जरा वेळ ऐकलं आणि पेपर खाली घेतला.

“हे तुझं नाही,” ते म्हणाले.

“ताईचं आहे.”

“कोणतं?”

घुम्याला सांगता येईना. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते आणि तोंड त्याला कधी नीट वापरता आलंच नव्हतं. आई कप ठेवून उठली. पदराला हात पुसले, स्टूल ओढून वडिलांच्या समोर बसली, त्यांची हनुवटी बोटानं जरा वर केली आणि घुम्याला खुणावलं, पहिल्यापासून.

त्यानं पहिल्यापासून घेतलं. आईनं आवाज न काढता तोंड केलं. कोट. खुंटीला. राहू दे.

रोलरच्या आवाजात जन्म काढलेल्या बाईचे ते ओठ, एकेक अक्षर स्वच्छ. मुलीची ओळ तिला तोंडपाठ होती, श्वासासकट. वडील तिच्या ओठांकडे बघत होते आणि गाणं त्यांच्या पाठीतून आत शिरत होतं. ‘गेले’पाशी घुम्यानं श्वास तोडला. ‘म्हणू नका’ला तार फाडली आणि तशीच पुढे ओढली.

वडिलांनी हात वर केला. घुम्या थांबला.

“इतकी दमलेली असायची ती?”

“गाणं तसं आहे, बाबा.”

“गाणं नाही रे. ती.”

मग आई, या वेळी आवाज काढून आणि त्यांना तो येणार नाही हे ठाऊक असून, म्हणाली, “मोठी झाली होती हो ती.”

ओठांवरून ते त्यांना कळलं. “हं,” ते म्हणाले. “मला वेण्याच दिसत राहिल्या.” मग पुन्हा तिच्या ओठांकडे बघून, “पुरं करा.”

दोघांनी गाणं पुरं केलं.

त्यानंतर बरेच रविवार वडील कपाटापाशी बसले नाहीत. पेपर घेऊन खिडकीत बसायचे. घुम्यानं एकदा समोर जाऊन, ओठ नीट हलवून विचारलं, “चुकलं का माझं?”

“नाही. मीच मागितलं.” ते बाहेर बघत म्हणाले, “तो जुना आवाज होता ना माझ्याजवळ, लहानपणचा. आता बसवायला गेलो तर सापडत नाही. हाच येतो. हिच्यावर वेण्या शोभत नाहीत.”

मुलगी त्यांची दोनदा गेली, आणि दुसऱ्यांदा तिला पोचवायला घुम्याच गेला होता. असं मनात आलेलं त्यानं मनातच ठेवलं. घुम्या नाव काय उगाच पडलं नव्हतं.

पावसाळा संपताना केव्हातरी वडील आपण होऊन कपाटापाशी येऊन बसले. पेपर उघडला.

“वाजव,” ते म्हणाले. “तिचं नको. तुझं वाजव, खालचं.”

घुम्यानं बास टेकवला. दोन सूर, थांबा, तीन सूर, मग घरंगळत खाली. वर आता काय असायचं ते त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं तिथे जागा सोडली. पहिल्या ओळीच्या तोंडाशी सूर टाकला आणि वाट बघितली. पेपरच्या वर वडिलांचे ओठ हलू लागले, जरा उशिरा.

आई कप उतरवायला आली तोवर सुरू झालं होतं. तिनं घाईघाईनं कप खाली घेतले. एक मागच्या कोपऱ्यात राहिला. तो तिथे बारीक किणकिणत होता, आणि खोलीतल्या तिघांपैकी दोघांनाच ऐकू येत होता.